यू.पी.एस. लगेच का मान टाकतो?

शाळेच्या संगणक-कक्षात काम रंगात आले आहे आणि इतक्यात वीज जाते. टेबलाखालचा यू.पी.एस. दोनचार वेळा टीं-टीं करतो आणि अर्ध्या मिनिटात पडदा काळा! तासाभराचे काम वाया गेले. सर तंत्रज्ञाला बोलावतात. तो पेटी उघडून बॅटरीचा दाब मोजतो, तर मीटर दाखवतो १२.६ व्होल्ट! म्हणजे बॅटरी भरलेली आहे. मग दोष कुठे आहे?

हे कोडे सोडवण्यापूर्वी त्या पेटीत काय चालते ते पाहू. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची, प्रत्यावर्ती असते. ती जशीच्या तशी बॅटरीत साठवता येत नाही. म्हणून यू.पी.एस.मधील एक मंडल तिचे एकदिश विजेत रूपांतर करते व बॅटरी भरत राहते. वीज गेली की दुसरे मंडल, म्हणजे इन्व्हर्टर, नेमके उलट काम करते. ही अदलाबदल काही सहस्रांश सेकंदांत होते, त्यामुळे संगणकाला तिचा पत्ताही लागत नाही.

लहान यू.पी.एस.मध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी असते. या जातीची बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तिच्यात एका पट्टीवर शिसे, दुसरीवर लेड डायऑक्साइड आणि मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल असते. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. ती भरताना त्याचे पुन्हा मूळ पदार्थ होतात. पण बॅटरी फार दिवस रिकामी पडली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग ते सहजी बदलत नाहीत. वयोमानाने आतील पाणीही कमी होते. अशा रीतीने विजेची वाट अडत जाते, म्हणजेच बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो.

आता थोडे गणित करू. समजा, संगणकाला १५० वॉट लागतात. १५० भागिले १२ म्हणजे १२.५ अँपिअर, इन्व्हर्टरमधील नुकसान धरून १५ अँपिअर प्रवाह बॅटरीने द्यायला हवा. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०३ ओहम धरला, तर ओहमच्या नियमानुसार आतल्या आत खर्ची पडणारा दाब १५ × ०.०३ = ०.४५ व्होल्ट. बाहेर १२ व्होल्टहून अधिक दाब मिळतो, म्हणजे काही बिघडत नाही. पण जुन्या बॅटरीत हा रोध ०.२ ओहम झाला, तर १५ × ०.२ = ३ व्होल्ट आतच जातात आणि बाहेर उरतात ९.६! बॅटरी खराब होऊ नये म्हणून दाब साधारण १०.५ व्होल्टच्या खाली जाताच यू.पी.एस. स्वतःच बंद होतो. मीटर मात्र बॅटरीतून नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे त्याला हा दोष दिसतच नाही. तेव्हा ध्यानात ठेवा : बॅटरीची परीक्षा भार टाकूनच करायची.

ही परीक्षा पेटी न उघडता करता येते. शिक्षकांच्या देखरेखीखाली यू.पी.एस. रात्रभर भरू द्या. मग संगणकाऐवजी त्याला तंतूचा ६० वॉटचा दिवा जोडा, भिंतीवरचे बटण बंद करा आणि घड्याळ पाहा. १२ × ७ = ८४ वॉट-तास; म्हणजे कागदावर ८४ मिनिटे. इतक्या जलद उपशात प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच मिळतात असे धरा.

दिवा पाच मिनिटांत विझला, तर बॅटरी थकली असे समजा. दिवा अर्धा तास टिकला, पण नेहमीची उपकरणे जोडताच यू.पी.एस. बंद पडला, तर भार जास्त आहे. लेझर प्रिंटर जोडलेला नाही ना, ते पाहा. त्यातील तापणारा रूळ शेकडो वॉट घेतो. बॅटरी नवी असूनही दिवा टिकत नसेल, तर ती भरतच नाही. त्याचे कारण सैल प्लग, उडालेला फ्यूज किंवा भरणाऱ्या मंडलातील बिघाड असू शकते. गावात विजेचा दाब वारंवार उतरत असेल, तर यू.पी.एस. सारखा बॅटरीवर जातो आणि तिला भरायला सवडच मिळत नाही.

पेटी मात्र तुम्ही उघडू नका. प्लग काढला तरी आतील धारित्रांत विद्युत्भार राहतो आणि बॅटरीच्या दोन टोकांना एकदम पाना लागला, तर प्रचंड प्रवाह वाहून भाजते. फुगलेली बॅटरी वापरू नये आणि कचऱ्यातही टाकू नये, कारण शिसे विषारी आहे. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी भारतात उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून ती दुकानदाराकडे परत द्यावी.

आणि यू.पी.एस. उन्हाच्या खिडकीजवळ ठेवू नका. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले, की बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. तुमच्या शाळेतील यू.पी.एस. कुठे ठेवला आहे, ते उद्या जाऊन पाहाल ना?