भिंतीएवढे दादासाहेब

वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलची उंच इमारत आहे. 2014 साली मुंबईत भरलेल्या ‘स्टार्ट’ या पथकला महोत्सवात तिच्या भिंतीवर दादासाहेब फाळके उभे राहिले. फिल्मची पट्टी हातात धरून ती न्याहाळणारे फाळके. उंची सुमारे 120 फूट, रुंदी त्याहूनही जास्त. साथीदारांना घेऊन हे चित्र रंगवलं रणजित दहिया यांनी.

दहिया मूळचे हरियाणातल्या सोनीपतकडचे. भिंतींना चुना लावण्याच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली, पुढे चंदीगडच्या कला महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकले. मुंबईत आल्यावर त्यांना एक गोष्ट खटकली: सिनेमाच्या या शहरात सिनेमा भिंतींवर कुठेच नाही. त्यातून ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि वांद्र्याच्या चॅपल रोडवर 1953 च्या ‘अनारकली’चं पोस्टर भिंतभर उमटलं.

एवढं मोठं चित्र काढताना खरी अडचण हाताची नसते, नजरेची असते. पाळण्यात किंवा परांचीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याला समोर दिसतो तो फक्त करड्या रंगाचा एक पट्टा. तो भुवईचा की कोटाच्या घडीचा, हे तिथून कळत नाही. म्हणून मूळ छायाचित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी प्रमाणात मोठ्या करून भिंतीवर उतरवायच्या आणि एकेक घर भरत जायचं. मध्येच खिडकी येते, पाइप येतो, तिथे रेषा सांभाळून पुढे न्यावी लागते. अधूनमधून खाली उतरून लांब जाऊन पाहावं लागतं. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका हातभर सरकला, तरी माणूस भलतीकडेच पाहू लागतो.

ही चौकटींची रीत सिनेमाच्या बॅनरवाल्यांची. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली, एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत होर्डिंग रंगवून पोट भरलं. पुढे फ्लेक्सची छपाई आली आणि हे रंगारी बघता बघता बेकार झाले. त्यांचीच विद्या या भिंतीवर वापरली गेली, याचं मोल चित्राच्या आकाराहून मोठं आहे.

आणि ती फाळक्यांसाठी वापरली गेली, हे तर फारच उचित. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेला हा माणूस आधी चित्रकार होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुढे छपाईचा धंदा, सिनेमा त्यानंतरचा. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्यामागे रंग, छाया आणि शाईत घातलेली कितीतरी वर्षं होती.

त्या चार रिळांच्या चित्रपटातली पहिली आणि शेवटची रिळंच आज पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत. बाकीची गेली. भिंतीवरच्या रंगाचं आयुष्य तर रिळापेक्षाही कमी. समोर समुद्र, वर्षातले चार महिने पाऊस, उरलेले ऊन. अशा चित्राचं उद्घाटन थाटात होतं, पण काही वर्षांनी ते पुन्हा रंगवण्याचा खर्च कुणाचा, हे आधी ठरवलं जात नाही. परवानगीच्या कागदावरच ते लिहून घ्यायला हवं. मूळ छायाचित्र आणि चौकटींचा आराखडाही इमारतीच्या दफ्तरात जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या रंगाऱ्याला अंदाजानं फाळके काढावे लागणार नाहीत.