चिखलातील धाव

आखीव मार्गावर धावणे निराळे आणि चिखल, गवत, चढउतार तुडवीत धावणे निराळे. या दुसऱ्या शर्यतीस ‘क्रॉस कंट्री’ म्हणतात. तीत नुसता वेग पुरत नाही. पावलोपावली तोल सांभाळावा लागतो.

ब्रिटनच्या स्टेफनी ट्वेलने २००६ साली, सतरा वर्षांची असताना, या शर्यतीत युरोपचे कुमारी गटातील अजिंक्यपद मिळविले आणि पुढील दोन्ही वर्षे ते राखले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १५०० मीटर धावण्यात तिला कांस्यपदक लाभले. परंतु २०११ साली बेल्जियममध्ये अशाच रानोमाळ धावताना तिचा घोटा मोडला. स्वदेशात, लंडन येथे २०१२ साली भरलेल्या ऑलिंपिकला ती मुकली. तरीही तिने सराव सोडला नाही. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा धावली.

मुलांनो, गेलेला तोल सावरून पुढे जाणे, हीच या शर्यतीची खरी शिकवण नव्हे काय?