सक्रिय दीर्घिका : पाहण्याचा कोन आणि आडचा पडदा



डोक्यावर घागर घेताना आपल्याकडच्या बायका खाली चुंबळ ठेवत. चुंबळ वरून पाहिली तर मधले छिद्र दिसते; कडेने पाहिली तर नुसते कापड. आजचा विषय आकाशातल्या अशाच एका चुंबळीचा आहे.

काही दीर्घिकांच्या केंद्राशी प्रचंड कृष्णविवर असते. त्याकडे ओढला जाणारा वायू तापून विलक्षण तेजाने प्रकाशतो. या सक्रिय दीर्घिका. १९४३ मध्ये कार्ल सायफर्ट यांनी अशा काहींचे वर्णपट अभ्यासले. पुढे त्यांचे दोन प्रकार ठरले : पहिल्यात रुंद आणि अरुंद अशा दोन्ही रेषा, दुसऱ्यात फक्त अरुंद. रुंद रेषा कृष्णविवराजवळ सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या वायूच्या. मग दुसऱ्या प्रकारात तो वायूच नसतो काय?

१९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी दुसऱ्या प्रकारातल्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेचा ध्रुवित, म्हणजे विखुरून आलेला, प्रकाश तपासला. त्यात रुंद रेषा सापडल्या! दिवा भिंतीआड असला तरी त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर दिसतो, तसेच हे. केंद्राभोवती धुळीची चुंबळ आहे आणि आपण तिच्याकडे कडेने पाहतो आहोत. अरुंद रेषांचा वायू चुंबळीच्या बाहेर दूरवर असल्याने तो कोणत्याही बाजूने दिसतो.

हा पडदा सर्व किरणांना सारखा अडवत नाही. तापलेली धूळ अवरक्त किरण देते. पडदा फार दाट नसेल तर तीव्र क्ष-किरण त्यातून पार होतात. रेडिओ लहरींना धूळ अडवत नाही. नारायणगावजवळ खोडदच्या तीस तबकड्या त्याच टिपतात. या साऱ्या विषयावर पुण्याच्या आयुकातील जयंत नारळीकर आणि अजित केंभावी यांचा इंग्रजी ग्रंथ १९९९ मध्ये केंब्रिजने प्रसिद्ध केला.

येथे मला आमचा अनेकान्तवाद आठवतो : वस्तू एक, दर्शने अनेक. मात्र सगळेच कोनावर ढकलता येत नाही. काही दीर्घिका थोड्या वर्षांतच प्रकार बदलतात; तेवढ्यात आपला कोन बदलत नाही. तेथे एखादा धुळीचा ढग आड आला असेल, किंवा विवराकडे जाणारा वायूच कमी-जास्त झाला असेल. म्हणून ‘दिसत नाही, म्हणजे नाही’ असे म्हणू नये, आणि एकच उत्तर सर्वांना लावूही नये. दुसऱ्या किरणांत, दुसऱ्या वेळी, पुन्हा पाहावे.