दूरध्वनीवरील तोतया

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो तोतया उभा राहिला, त्याला निदान लोकांपुढे प्रत्यक्ष यावे लागले. १७७६ साली त्याला देहदंडही झाला. आजचा तोतया खाकी गणवेश चढवून मोबाइलच्या पडद्यावर दिसतो आणि बसलेला कोठे असतो, याचा थांग लागत नाही.

आपल्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, किंवा आपल्या आधार क्रमांकावर मुंबईत खाते उघडून काळा पैसा फिरविला गेला, असे तो सांगतो. मुंबईचे नाव तर पुष्कळदा निघते. इंदूर, बडोदे, बेळगाव वा हैदराबाद येथील मराठी कुटुंबाचा मुंबईशी काही ना काही संबंध असतोच; साहजिकच शंका लवकर येत नाही. पुढे ‘डिजिटल अटक’ जाहीर होते. कॅमेरा बंद करावयाचा नाही, खोली सोडावयाची नाही, घरात कोणापाशी ब्र काढावयाचा नाही! शेवटी ‘तपासापुरती’ म्हणून सारी ठेव भलत्याच खात्यात भरावयास लावतात. हे केवळ भोळ्यांचेच होते असे मात्र समजू नये. २०२४ साली वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसविण्यात आले.

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नाही. संविधानाच्या २२व्या अनुच्छेदानुसार अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अटकेची वर्दी आप्ताला वा मित्राला दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात ठरवून दिले आहे. खरा कायदा घरच्यांना कळवा म्हणतो. तोतया नेमके तेच करू देत नाही. कारण उघड आहे: शेजारच्या खोलीतून कोणी ‘कोणाशी बोलता?’ एवढे विचारले, तरी त्याचे नाटक कोसळते.

म्हणून दूरध्वनी सरळ खाली ठेवावा. शिष्टाचाराची भीड येथे बाळगू नये. खात्री करावयाची झाल्यास पोलीस ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधावा. पडद्यावर उमटलेला क्रमांकही बनावट असू शकतो. पैसे गेलेच असतील, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. चोरलेली रक्कम खात्यांमागून खाती बदलीत जाते; ती बँकेत आहे तोवरच गोठविता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. तक्रार नोंदविताना ती लागतात.