दोन नंबरचा रिमोट

परवा भाच्याने मोबाइलवर रणगाड्यांचा गेम दाखवला. चिलखत भक्कम हवं असेल तर पैसे भरा, नाहीतर जाहिरात बघा. मला वाईट वाटलं. 'बॅटल सिटी'ला 9 सप्टेंबर 2025 रोजी 40 वर्षं झाली. त्यात 35 टप्पे होते, आणि एकाही टप्प्यावर कुणी पैसे मागितले नाहीत.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. 1980 साली अटारीने 'बॅटलझोन' काढला. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचे रणगाडे, बघायचं पेरिस्कोपसारख्या खिडकीतून. उद्याचं युद्ध तेव्हा असं दिसत होतं. अमेरिकी लष्करालाही त्यात रस वाटला आणि त्याने सरावासाठी वेगळी आवृत्ती करवून घेतली. आमच्यापर्यंत तो आला नाही. आला तो नामकोचा 'बॅटल सिटी', जपानी यंत्राच्या नकलेतून, एका पिवळ्या कॅसेटमध्ये.

नव्वदच्या दशकातल्या मे महिन्यात पंचवटीत मामाकडे आम्ही सगळी भावंडं जमायचो. कॅसेटला फुंकर मारायची, टीव्हीचं चॅनल जुळवायचं आणि चटईवर खांद्याला खांदा लावून बसायचं. दादाचा रणगाडा पिवळा, माझा हिरवा. खाली मधोमध विटांच्या कुंपणात गरुड. शत्रूचे 20 रणगाडे वरून उतरायचे. जाड चिलखताचा असला तर चार गोळ्या लागायच्या. फावडं मिळालं की विटांचं कुंपण थोडा वेळ पोलादाचं व्हायचं. माझी गोळी दादाला लागली की तो जागच्या जागी गोठायचा आणि मला कोपर बसायचं. एकदा माझ्याच गोळीने गरुड गेला. दादा जेवेपर्यंत बोलला नाही, मग स्वतःहून म्हणाला, "चल, परत लावू."

नाशिकरोडला आत्याकडे गेलो की देवळालीच्या तोफखान्याचा सराव ऐकू यायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या. मला तो आवाज आमच्याच खेळातला वाटायचा.

पोरं बिघडतील, असं तेव्हा गल्लीतली मोठी माणसं आईला सांगायची. त्यांना आजही सांगेन, आम्ही एकमेकांची पाठ राखायला त्या चटईवर शिकलो. भाचा ज्यांच्याशी लढतो, त्यांची नावंही त्याला ठाऊक नाहीत.

मामाचं घर पाडायच्या आधी आवराआवरीत ते यंत्र भंगारात गेलं. मी रिमोट तेवढा ठेवून घेतला, दोन नंबरचा. त्याला स्टार्टचं बटणच नाही. खेळ नेहमी दादाच सुरू करायचा.