भजनांत साथ कशी करावी?

खेड्यांतील रात्रीच्या भजनास तिकीट नसतें व रंगमंचहि नसतो. चावडीवर किंवा देवळाच्या सभामंडपांत सतरंजी पसरली, कीं ज्यास येणें असेल त्यानें येऊन बसावें. ह्या मोकळेपणामुळेंच कित्येकांस वाटतें कीं, येथें कोणतेंहि वाद्य हातीं घेऊन कसेंहि वाजविलें तरी चालतें. तसें नाहीं. नियम कोठें लिहून ठेविलेले नसले तरी जाणते लोक ते कटाक्षानें पाळतात.

पहिली गोष्ट सूर जुळविण्याची. म्हणणाराचा आवाज ज्या पट्टींत सुखानें फिरतो ती पट्टी त्यानेंच ठरवावयाची. पेटीवाल्यानें आपल्या बोटांच्या सोयीची पट्टी त्याच्यावर लादूं नये. पखवाजी उजव्या पुडीच्या कांठावर हातोडी मारून ती त्या सुराशीं मिळवितो, व डाव्या पुडीस भिजलेली कणीक लावून तिचा नाद खोल करितो. हें चाललें असतां शेजाऱ्यानें उगाच टाळ वाजविणें म्हणजे त्याच्या कामांत बिब्बा घालणें होय. आणि पखवाजी बसलेला असतां आपणांस कितीहि वाजवितां येत असो, त्यानें बोलाविल्यावांचून त्याच्या वाद्यास हात लावूं नये.

टाळाविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण मुलांच्या हातीं बहुधा प्रथम टाळच येतो. अभंगाचें धृपद सर्वांनीं मिळून म्हणावयाचें असतें. तेथें टाळ मोकळा वाजवावा. पण म्हणणारा एकटा चरण घेऊं लागला, कीं टाळ दबता धरून मात्रेवर हलकाच आघात द्यावा, म्हणजे शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोंचतात. अभंगाचा जीव शब्दांत आहे. लय वाढविण्याचा अधिकारहि म्हणणाराचाच. दहा टाळकरी पुढें धांवूं लागले, तर पखवाजी बिचारा कोणाकोणाच्या मागें जाणार?

पेटीची साथ माझ्या मतें सर्वांत अवघड. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटी उडी मारते. अशा उणिवांस्तव ऑल इंडिया रेडिओनें १९४० मध्यें पेटीस बंदी केली होती. ती १९७१ पासून सैल होऊं लागली.

कॉलेजांत असतां एका सुटींत मी गांवीं एका वृद्ध भजनीबुवांच्या साथीस पेटी घेऊन बसलों. त्यांचा आवाज थकलेला, आणि माझीं बोटें नुकतींच तयार झालेलीं! त्यांच्या प्रत्येक चरणांत मी ताना भरीत गेलों व भाताहि जोरानें हालविला. बुवा मध्येंच थांबले. रागावले मात्र नाहींत. "बाळ, तुझें झालें म्हणजे सांग, मग मी म्हणतों," इतकेंच ते बोलले. मंडळींपैकीं कोणी हंसलें नाहीं, हें मला अधिक लागलें. मग मीं भाता मंद केला व नुसता षड्ज धरून ठेविला. बुवांनीं तोच अभंग पुन्हां धृपदापासून उचलला, आणि त्याचे शब्द त्या रात्रीं मला तेव्हां प्रथम ऐकूं आले.