सशाचा खुराक आणि वाढीचीं औषधें

थोड्या चाऱ्यांत व थोड्या दिवसांत जनावरानें अंग धरावें, अशी पशुपालकाची इच्छा असणें स्वाभाविक आहे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत स्टोकस्टाड व ज्यूक्स या शास्त्रज्ञांस ती पुरी होण्याचा एक मार्ग अकल्पितपणें सांपडला. ऑरिओमायसिन या जंतुनाशक औषधाच्या निर्मितींतील चोथा खाऊं घातलेलीं कोंबडीचीं पिलें झपाट्यानें वाढूं लागलीं. तेव्हांपासून अशीं औषधें डुकरें, वासरें व ससे यांच्या खुराकांतही शिरलीं.

परंतु सशाच्या पोटाची रचना निराळी आहे. त्याच्या लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्याशीं अंधनाल नांवाची एक मोठी पिशवी असते. चाऱ्यांतील तंतुमय भाग तेथें कोट्यवधि जंतु आंबवितात. त्यांतून तयार होणाऱ्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो आणि त्यांतील प्रथिनें व जीवनसत्त्वें मिळवितो. हे जंतु म्हणजे त्याच्या पोटांतील आचारीच होत. तोंडावाटे दिलेलें पेनिसिलीन, अँपिसिलीन किंवा लिंकोमायसिन नेमकें या आचाऱ्यांवरच घाला घालतें. मोकळ्या झालेल्या जागेंत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतु माजतात व विष निर्माण करतात. हगवण लागून ससा थोड्याच दिवसांत दगावूं शकतो.

बॅसिट्रॅसिनसारखीं कांहीं औषधें सशास सोसतात, हें खरें. पण अशा औषधांचा लाभ घाणेरड्या, दाटीच्या जागेंत अधिक दिसतो. स्वच्छ जागेंत तो बराच घटतो. म्हणजे पुष्कळदां औषध वाढ करीत नाहीं, निष्काळजीपणा झांकतें.

या झांकपाकीची किंमत मनुष्यास द्यावी लागते. अल्प मात्रेंत रोज मिळणाऱ्या औषधास जंतु सरावतात. तेच जंतु घरांतील मुलाच्या शरीरांत शिरले, तर डॉक्टरांच्या हातचें औषध निकामी ठरतें. ब्रिटनमध्यें स्वान समितीनें १९६९ सालीं हा इशारा दिला. स्वीडननें १९८६ सालीं वाढीसाठीं अशीं औषधें देणें बंद केलें. युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून उरलेल्या औषधांसही मनाई केली. भारत सरकारनें २०१९ सालीं कोलिस्टिन हें औषध मांस-अंड्यांसाठीं पाळलेल्या प्राण्यांस देण्यास बंदी घातली.

सशाच्या वाढीचे खरे उपाय साधे आहेत: भरपूर तंतुमय चारा, कोरडा पिंजरा, आणि चवथ्या-पांचव्या आठवड्यांत दूध तुटतांना नव्या खुराकाची हळूहळू लावलेली संवय. पोटांतले आचारी संभाळले, म्हणजे ससा आपोआप वाढतो.